शेपटीला जागा

शिवणकामवाल्या ताईंनी जन्मात वेलबुट्टीपलीकडे काही काढलं नव्हतं. पण त्यांची ठमी तापातून उठली ती पाय लुळे घेऊनच. पलंगावर पडून पडून पोर नुसती भिंतीकडे बघायची. "आई, इथे ड्रॅगन काढ ना," म्हणाली. आईचं काळीज ते! ताई लागलीच शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्या मावशींकडे शिकायला गेल्या.

मावशींनी पंजे शिकवले, खवल्यांवर खवले चढवायला शिकवलं. एका गोष्टीवर मात्र अडून बसायच्या.

"शेपटी आधी. ती जागेत बसली की मगच डोकं. नाहीतर उरलेलं अंग तो आपलं आपण शोधतो."

म्हातारीचं आपलं काहीतरीच, म्हणून ताईंनी हसण्यावारी नेलं.

पण हाताची सवय जाते थोडीच? कापड बेतायचं ते गळ्यापासून. भिंतीवरही त्यांनी आधी डोकं काढलं, मग मान, मग पोट. हिरवा रंग असा खुलला की ठमी टाळ्या पिटायला लागली. अन् पलंगाशी येऊन भिंतच संपली. शेपटीला जागाच उरली नाही.

"राहू दे गं, छान दिसतोय," ठमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंग पुसायला ताईंनी चादर बाजूला केली. ठमीच्या पायांवर हिरवे खवले होते. गारगार. साबणाने जाईनात, रॉकेलने जाईनात.

"आई, बघ... पाय हलतायत!" पोर हरखली होती.

ताई भिंतीकडे धावल्या, खसाखसा रंग खरवडायला लागल्या. तशी ठमी किंचाळली. "आई गं... नको! दुखतंय!"

मावशी आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"पुसू नकोस."

"मग शेपटी काढू? आत्ता काढते, मावशी..."

"आता कशाला? मिळाली त्याला."

"काहीतरी करा हो!" ताईंनी त्यांचे पाय धरले. मावशींच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांना यापुढचं काही येत नव्हतं.

दिवेलागणीला खवले गळ्याशी आले. ठमीचा डोळा लागला. ताईंनी तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागेना. भिंतीवरचं हिरवं पोट मात्र सावकाश वरखाली होत होतं.

"आई... पाणी दे ना."

आवाज ठमीचाच होता. तिचे ओठ मिटलेले होते.

ताईंनी पेला भरून तिच्या ओठांशी नेला, पाणी उशीवर ओघळलं. शेवटी त्यांनी तो भिंतीवरच्या ड्रॅगनच्या तोंडाला लावला. पाणी हळूहळू संपलं. भिंतीला हात लावून पाहिला, तर ती कोरडी ठणठणीत होती.