बेसिनात ओतलेलं रक्त

कोणाला पटो न पटो. मी खुशबू, लॅब टेक्निशियन. सात वर्षं झाली, रोज लोकांचं रक्त आणि लघवी हाताळते. भुताबिताच्या गोष्टी रचायला मला वेळ नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. लाखनीत, हायवेवरच्या एका छोट्या लॅबमध्ये, मागच्या भादव्यातल्या मंगळवारी.

रात्र नव्हती... भर दुपारचे साडेतीन वाजले होते.

लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी आणि मनिष. त्याची मला आधीपासूनच किळस यायची. समोसा खाऊन तेलकट हातानेच ट्यूब उचलायचा. बोललं की दात काढायचा. लाज तर याने कोळून प्यायलेली.

सानगडीच्या रंभाबाई नातवाचं रक्त घेऊन आल्या. नातू तीन दिवसांचा. सकाळपासून दूध ओढत नव्हता, अंग थंड पडलं होतं. समोरच्या लेकरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना शंका होती, जंतू रक्तात गेले म्हणून. टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच भरती करून इंजेक्शन. निगेटिव्ह आली की घरी.

"पोरी, लवकर पाहजो वं," एवढंच त्या म्हणाल्या.

मी ट्यूब मनिषला दिली आणि मागच्या खोलीत डबा खायला गेली. हो, गेली. खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांनी परत आली तर रंभाबाई नव्हत्या. रिपोर्ट घेऊन गेल्या म्हणे.

"इतक्यात झाली टेस्ट?"

मनिष आरामात सांगू लागला. रक्त होतं एवढंसं, त्याचीही गाठ झालेली. परत मागितलं तर डॉक्टर ओरडतात, घरचे रडतात. म्हणून त्याने ते बेसिनात ओतलं आणि निगेटिव्ह लिहून दिलं. रिपोर्टवर सही माझी लागते, पण तिची अडचण नव्हतीच. घाई नको म्हणून मी सकाळीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार...

तेवढ्यात बेसिनातून आवाज आला.

चुक्... चुक्... चुक्...

नळ बंद होता.

लेकरू दूध ओढतं ना, अगदी तसा. थांबायचा... दम घ्यायचा... परत सुरू. जाळीच्या खालून.

मग वास आला. आंबलेल्या दुधाचा... आणि त्यात सडलेल्या रक्ताचा. असल्या वासांची मला सवय आहे, तरी मी ओढणी नाकाला लावली.

मी वाकून पाहिलं.

जाळीतून रक्त वर येत होतं. पातळ, लालभडक. एकही गाठ नाही. वर फाटलेल्या दुधाचे पांढरे गोळे. त्यातला एक जाळीला चिकटून आत ओढला जायचा... सुटायचा... परत ओढला जायचा.

शी! मी तिथेच ओकली.

"नाली तुंबली असन. कायले घाबरून राहिली?" मनिष म्हणाला. पण जवळ आला नाही.

मी तशीच बाहेर धावली. रंभाबाई सून आणि नातवाला घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसत होत्या. मी दार धरून ठेवलं. "आजी, तो रिपोर्ट खोटा आहे. उतरा."

डॉक्टरांनी परत रक्त काढलं. या वेळी टेस्ट मी स्वतः केली, मशीनपासून हललीच नाही. पॉझिटिव्ह... खूपच जास्त. त्याच संध्याकाळी इंजेक्शन सुरू झालं. बारा दिवसांनी लेकरू दूध पीत घरी गेलं.

पण त्या संध्याकाळी मी रजिस्टर काढलं. त्याआधीच्या आठ महिन्यांत मनिषने केलेल्या, असल्या तान्ह्या लेकरांच्या एकोणीस टेस्ट. एकोणीसही निगेटिव्ह.

मी मनिषला विचारलं, यातले किती ओतले?

"कोणाले आठवते आता?" म्हणाला. त्याच बेसिनात हात धुतले आणि डबा उघडून जेवायला बसला.

मालकांना सांगितलं. मनिषला काढलं. आवाज मात्र राहिला. नळवाल्याने पाइप खोलून पाहिला... आतून कोरडा ठणठणीत. आता कधी एक आवाज येतो, कधी दोन-तीन सोबत. मालक म्हणतात, हवा असेल.

रजिस्टरमधलं पहिलं नाव करडी गावच्या लेकराचं होतं. एका रविवारी मी तिथे गेली. घरी लेकराची आजी होती, ललिताबाई. दवाखान्याकडून चौकशीला आली, असं मी सांगितलं. लेकरू कसं आहे विचारलं.

नवव्या दिवशी गेलं होतं.

"आमीच उशीर केला असन, बाई," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट तं चांगला होता."

त्यांनी मला चहा दिला. नाव विचारलं. मी दुसरंच सांगितलं आणि चहा पिऊन आली.

अजून अठरा घरं बाकी आहेत.