पडलेल्या देवदूताचा हात

मोबाइल खिशात ठेवा, पोट्टेहो. आपल्या नत्थुजीसंग झालेलं सांगतो.

गेल्या वर्षी वीस डिसेंबरले तो अमरावतीहून तिवस्याले फटफटीवर येऊन राहिला होता. मागं पत्र्याचे पंख बांधलेले. नाताळात चर्चच्या आवारात आमच्या दंडारीचा, म्हंजे सोंगाच्या नाटकाचा, खेळ होये, त्यातल्या बंडखोर देवदूताचे. वर्षभर अमरावतीच्या चर्चमंदीच पडून होते. आता नव्या गड्याच्या पाठीवर चढवाचे होते.

त्याच्या आदल्या नाताळात ते मोतीरामच्या पाठीवर होते. नत्थुजी देव, मी आदम. देवदूत बंड करे, देव त्याले शिडीवरून ढकले. पडल्यापडल्या तो आदमले संत्र देये. आदम ते खाये, अन् दोघंही स्वर्गाबाहेर! लोक पोट धरून हसत. साऱ्या टाळ्या मोतीरामले. देवाकडं कोनी ढुंकून पाहे नाई, अन् नत्थुजी आतून जळे.

आपल्यात रीत हाय. खेळ संपला का ज्यानं पाडलं त्यानंच नाव घ्याचं, हात देऊन उठवाचं. तवा सोंग उतरते.

त्या रात्री नत्थुजीनं जरा जोरातच ढकललं. खेळ संपला. मोतीरामनं पडल्या जागी हात वर केला. नत्थुजी पाठ फिरवून निघून गेला. मोतीराम हात हालवत राहिला. लोक अजूनच हसले. अर्ध्या तासानं आमी जवळ गेलो, तर अंग गार.

तर मंग, गेल्या वर्षी. रात्रीचे पावनेबारा. तिवसा चार किलोमीटर. नत्थुजीची फटफटी एकदम हलकी झाली. त्यानं मागं पाहिलं. पंख नाईत.

समोर फटफटीच्या उजेडात कोनीतरी पालथं पडलेलं. पाठीवर पंख.

हात वर...

नत्थुजी उतरला. हात धरला. "उठ रे... मोतीराम..."

ओढला. पुन्हा ओढला. उठेना.

खालून आवाज आला, "हात आता काहून देऊन राहिला?"

...

मंग कोनीच नाई. मोकळा रस्ता. पंख फटफटीवर, जसेच्या तसे बांधलेले.

नत्थुजीनं दंडार सोडली. हे सारं मले सांगितलं, अन् मंग बोलनंही सोडलं.

तुमी म्हनान, पाप नत्थुजीचं. मीही वर्षभर हेच म्हनत आलो. पन मोतीरामनं संत्र दिलं ना, तवा त्याचा हात थरथरत होता. तोंडातून रगत येत होतं. मले दिसलं होतं, बा. पन लोक हसून राहिले होते...

मी संत्र खाल्लं.

आज वीस डिसेंबर. सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर एक संत्र. आमी खेळात तोंडाले लावतो तो सफेदा होता सालीवर.

पाच बोटं उमटलेली...