खोली नंबर त्रेचाळीसचं स्वप्न

वरळीच्या बीडीडी चाळीत सकाळी नळावर तरुण माणसाने तरुण मुलीला काय विचारावं, याचे काही संकेत आहेत. ‘पाणी जाणार का?’ एवढं चालतं. शामरावने विचारलं, “काल तुम्हाला कोणतं स्वप्न पडलं?”

चंपाने भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. ती म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे असं बघण्याचा तिला सराव होता.

“का? तुम्ही त्यात होता, असं कुणी सांगितलं?”

शामरावचे कान तापले. टपालखात्यात कारकुनी करून तो बी.ए.ला मानसशास्त्र शिकत होता, आणि प्राध्यापकांनी ‘माणसाला स्वप्नं का पडतात’ यावर निबंध मागितला होता. व्हिएन्नाचे एक डॉक्टर म्हणत, मनात दाबलेल्या इच्छा स्वप्नात पुऱ्या होतात. त्यांच्याशी भांडून वेगळा झालेला शिष्य म्हणे, जागेपणी जे कमी पडतं ते स्वप्न भरून काढतं. तिसरे म्हणत, दिवसभराचा गाळ. चौथे म्हणत, अपचन.

चाळीचा सिद्धान्त पाचवा होता. स्वप्न पडतं ते आकडा लावण्यासाठी. न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव तारेने येई आणि त्यातल्या आकड्यांवर अर्धी चाळ जुगार खेळे. त्यामुळे स्वप्नं विचारत फिरणारा हा शिकलेला माणूस आकडा सांगतो, अशी बातमी पसरली. दारात रांग लागली. शेजारच्या सुंदराबाईंना मेलेली सासू भाकरी मागताना दिसली होती. शामरावने तासभर त्यांच्या मनातली अपराधी भावना उलगडून दाखवली.

“ते असेल बाबा,” त्या म्हणाल्या, “पण सासूचा आकडा कोणता?”

चंपाचे वडील भिवाजी मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्यांना रोज एकच स्वप्न पडे – मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला आणि मिलला सुटी मिळाली.

“ही इच्छापूर्ती, भिवाकाका.”

“मग आम्ही मोर्चात लाठ्या खातो, त्या कशाला? झोपूनच राहतो.”

शामरावने वहीतला व्हिएन्नाचा सिद्धान्त खोडला.

चंपा मात्र आता रोज नळावर एक स्वप्न आणू लागली.

“दारात एक माणूस उभा होता… काही बोलतच नाही.”

“शाळेचे इन्स्पेक्टर,” शामराव म्हणाला. “दिवसभराचा गाळ.”

“त्याच्या बोटांना शाई होती.”

“मग नक्कीच इन्स्पेक्टर.” त्याने शाईची बोटं खिशात घातली.

दुसऱ्या दिवशीच्या स्वप्नात तोच माणूस तिची कळशी घेऊन जिना चढला.

“कळशी म्हणजे…” शामराव सुरू झाला. कळशीसारख्या वस्तूंबद्दल व्हिएन्नाचे डॉक्टर काय म्हणतात ते त्याला ऐन वेळी आठवलं, आणि उरलेला अर्थ खोकल्यात गेला.

मग एका सकाळी ती म्हणाली, “आज स्वप्न नाही. रविवारी पुण्याहून स्थळ येतंय. बाबांनी पोहेसुद्धा आणून ठेवलेत.”

“आणि… तुमच्या मनात काय आहे?”

“कोण विचारतं? तुम्ही तर स्वप्नंच विचारता.”

ती कळशी घेऊन गेली. शामराव कोरड्या नळाखाली बादली धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून भिवाजींच्या दारात गेला आणि तिथेच थांबला.

“बाबा,” आतून चंपा म्हणाली, “बघा, दारात कोणीतरी उभं आहे. काही बोलत नाही.”

“जयभीम, शामराव. काय झालं?”

“जयभीम. मला… स्वप्न पडलं.”

भिवाजी ताठ बसले. “आकडा दिसला?”

“त्रेचाळीस. दारावर होता.”

“त्रेचाळीस,” भिवाजी घोळवत म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या दाराकडे पाहिलं. चुन्याने लिहिलेला आकडा त्यांनी दोनदा वाचला.

“दाराच्या आत कोण होतं?”

“चंपाबाई.”

“आणि तुम्ही?”

“बाहेर. आत बोलावतील म्हणून उभा.”

“सगळं एकाच आकड्यावर लावताय, शामराव. नाही लागला तर?”

“दुसरा लावायचाच नाही, काका.”

भिवाजींनी कान खाजवला. “चंपे, तुझं काय म्हणणं?”

पडद्याआडून, मोर्चातली घोषणा शाळेतल्या फळ्यावरून वाचून दाखवावी तसं आलं, “झालंच पाहिजे.”

“मग आत या,” भिवाजी म्हणाले. “टपालखात्यातले ना तुम्ही? पुण्याला नकाराची तार तुम्हीच करा.”

दुसऱ्या दिवशी कळशी शामरावच्या खांद्यावर होती. जिन्यात त्याने विचारलं, “तो मुका माणूस रोज खरंच यायचा स्वप्नात?”

“मला स्वप्नं पडतच नाहीत. डोकं टेकलं की एकदम नळाची वेळ.”

“मग?”

“नळापर्यंत येता येता रचायची. तुम्हाला किती दिवसांत कळतंय, ते बघत होते.” ती दोन पायऱ्या पुढे गेली. “कळशी तिरकी झालीय.”

शामरावने निबंधात एक कारण स्वतःचं घातलं – काही स्वप्नं पडत नाहीत, ती कुणाला तरी सांगायची असतात. प्राध्यापकांनी त्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं. ते अविवाहित होते.