टपालरावांची चाल

कोल्हापूरच्या विज्ञानकल्पना मेळाव्याच्या दारातच टपालराव अडकले.

दार म्हणजे नुसती एक रबरी पायवाट होती. तिच्यावरून सहा पावलं चालायचं. खालचे दाबमापक आणि बाजूचे कॅमेरे मिळून माणसाची चालमुद्रा वाचायचे, आणि नोंदणी असली की हिरवा दिवा लागायचा. २०३६ साली कुणाला याचं अप्रूप राहिलं नव्हतं. टपालराव सहा पावलं चालले, दिवा हिरवा होता होता लाल झाला आणि दार नम्रपणे म्हणालं, "राजमती मगदूम, आपण आधीच आत आला आहात."

रांगेत हशा पिकला. टपालराव हा सहा फुटी, पत्र्याचा, ढेरपोट्या यंत्रमानव. राजमती मगदूम ही त्याला घडवणाऱ्या भरतेशची सदुसष्ट वर्षांची आई, आणि ती खरोखरच आत खुर्चीवर बसून भडंग खात होती.

भरतेश शिरोलीच्या फाउंड्रीत साचे बनवायचा. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने सहा वर्षं या पत्र्यात घातला होता. 'अवकाश टपाल' ही सव्वीस भागांची जुनी मालिका कोल्हापुरातच चित्रित झाली होती. तिच्यातले टपालराव पोटाच्या खोक्यात पत्रं घेऊन ग्रहाग्रहांवर वाटत फिरायचे. मुक्कामाला पोचले की ते डावा हात पोटावर ठेवून दोनदा थोपटायचे. टपाल सुखरूप! मेळाव्यातली माणसं एकमेकांना भेटल्यावर नमस्कार करत नसत, अशीच पोट थोपटत. चांगली पन्नाशीची, बँकेत मॅनेजर असलेली माणसंसुद्धा.

भरतेशला 'तंतोतंत प्रतिकृती' विभागाचं पहिलं बक्षीस हवं होतं. ती प्रतिकृती शहराच्या विज्ञान दालनात कायमची उभी राहणार होती. आणि नेमकं दारानेच घोटाळा केला.

परीक्षकांनी त्याला आत बोलावलं. विद्याधर पाठारे हे मुख्य परीक्षक. या मालिकेवर त्यांनी चाळीस लेख लिहिले होते आणि ते वाचलेला माणूस त्यांना अजून भेटायचा होता. शेजारी डॉ. शर्वरी दिघे होत्या. त्या चालशास्त्राच्या संशोधक, आणि दार त्यांनीच बनवलेलं.

"नियम चार," पाठारे म्हणाले. "चाल मूळ यंत्रमानवाचीच हवी. मालिकेत पत्र्याच्या डब्यात शिरून पैलवान हिंदुराव जगदाळे चालायचे, हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही घरच्या आईला चालवून मोटारी जुळवल्यात. ही फसवणूक आहे, मगदूम."

भरतेशचा चेहरा उतरला. "आईचं गुडघं दुखत्यात, सर. तिला कशाला चालवू मी? चाल-उकल यंत्रात फक्त मालिकेचे भाग घातले. कुठला सांधा कधी किती वाकतो, ते त्यानं चित्रावरनं मोजलं आणि मोटारींना शिकवलं. बाहेरचं एक पाऊल त्यात नाही."

"मग दार खोटं बोलतंय?"

"दार खोटं बोलत नाही," डॉ. दिघे म्हणाल्या. कुणी दाराला नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. "पत्रा चेहरा झाकतो, उंची वाढवतो. पण चालताना एका पायावरून दुसऱ्यावर जाणारं वजन आतल्या माणसाचंच असतं. हाडांची लांबी, कमरेचा झोल, टाच टेकण्याची वेळ, या सगळ्यांतून चालमुद्रा बनते. वयाने वेग कमी होतो, पावलं आखूड पडतात, पण लय जन्मभर तीच राहते. मगदूम खरं बोलतायत का, ते तपासणं सोपं आहे. यांचा यंत्रमानव राहू दे. दाराला मूळ मालिकाच दाखवू. प्रत तुमची, पाठारे, म्हणजे शंकाच नको."

दाराचे कॅमेरे मोठ्या पडद्याकडे वळवले आणि मालिका सुरू झाली. पहिल्या दोन भागांना दार म्हणालं, "नोंदणी नाही." तिसऱ्या भागात पत्र्याचे टपालराव सहा पावलं चालले आणि दार पुन्हा नम्रपणे म्हणालं, "राजमती मगदूम, आपण आधीच आत आला आहात."

सगळ्या सभागृहाने वळून पाहिलं. राजमतीबाईंनी भडंगाची पुडी हळूच मिटली.

"या मालिकेच्या शिवणखात्यात हुते मी," त्या म्हणाल्या. "पैलवानांच्या डब्याचं अस्तर मीच शिवलेलं. दोन भाग झाले आणि उकाड्यानं त्यांस्नी भोवळ आली. माप बघायला मी डबा घालायचीच, तवा डायरेक्टर म्हणाले, आजच्या दिवस तू चाल. त्यो आजचा दिवस चोवीस भाग चालला."

"पण मालिकेत नाव तर पैलवानांचं होतं!" पाठारे जवळजवळ ओरडले. "तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी? आणि पैलवान भला माणूस. गावोगाव सत्कार व्हायचे. त्यांच्या गळ्यातला हार काढून घिऊ व्हय?"

भरतेश आईकडे बघतच राहिला. "सहा वर्षं तू शेजारी बसून बघतीस, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बरोबर करत हुतास की. चुकला असतास तर बोलले असते."

सभागृह हसलं आणि भरतेशच्या छातीवरचं ओझं उतरलं. पाठाऱ्यांनी नियमावली चाळली. हयात असताना पैलवान एकदा स्वतःच डबा घालून स्पर्धेला उभे राहिले होते, तेव्हापासून नियम नऊ होता: मूळ मालिकेत काम केलेल्या व्यक्तीला भाग घेता येणार नाही.

"नियम कलावंताला आहे, कलावंताच्या मुलाला नाही," त्यांनी निर्वाळा दिला. "मगदूम, अभिनंद..."

"एक मिनिट," डॉ. दिघे पडद्यावरचे आकडे बघत होत्या. "लय तीच आहे, पण चाल भागागणिक बदलत जाते. पावलं रुंदावतात, कंबर मागे झुकते. शेवटच्या भागापर्यंत दहा किलो वजन वाढलंय आणि बरंचसं पुढच्या बाजूला."

"पोटात टपाल असायचं ना!" पाठारे म्हणाले.

"खोका रिकामा असायचा," राजमतीबाई म्हणाल्या.

"आणि ते पोट थोपटणं? ते कधीपासून?" डॉ. दिघेंनी विचारलं.

"दहाव्या भागापासून," पाठारे तत्काळ म्हणाले. "त्याआधी एकदाही नाही. मी त्यावर लेख लिहिलाय."

"चित्रीकरण कधी झालं?"

"त्र्याण्णवच्या पाडव्याला सुरू झालं, गणपती झाल्यावर संपलं."

डॉ. दिघेंनी खुर्ची वळवली. "मगदूम, तुमचा जन्म कधीचा?"

"त्याच वर्षीच्या दसऱ्याचा," भरतेश म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला.

राजमतीबाईंनी पदर नीट केला.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि मला त्ये काम लई आवडायचं. डबा पैलवानाच्या पोटाच्या मापाचा. आपण दोघं त्यात ऐसपैस मावत हुतो."

"आणि थोपटणं?" भरतेशने विचारलं. "टपाल सुखरूप?"

"कसलं टपाल! तू लाथा मारायचास. शूटिंग चालू, तोंडानं बोलायची सोय न्हाई. मग पत्र्यावरनंच दोनदा थोपटायचे. गप, मी हाय हितं, म्हणून. तुला कळायचं बघ. गप व्हायचास."

पाठाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी अपराधी चेहऱ्याने नियमावली उघडली.

"मगदूम, मला फार वाईट वाटतंय," ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "पण नियम नऊ. तुम्ही मूळ मालिकेत होतात. तिसऱ्या भागापासून शेवटपर्यंत. इतकंच नव्हे, ती प्रसिद्ध खूण तुमच्याच लाथांमुळे झाली. तुम्हाला स्पर्धेत भाग घेता येणार नाही."

भरतेश मोठमोठ्याने हसायला लागला. सहा वर्षांचं बक्षीस हातचं गेलं होतं आणि इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

तीनशे माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांनी डावा हात पोटावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. भरतेशनेही हात ठेवला, पण हसू आणि रडू एकदमच आल्यामुळे त्याला थोपटता येईना. राजमतीबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, त्याच्याजवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.