संशयास्पद ससे

"माझे कोल्हे तुम्हीच मारलेत का?"

आमची पहिली भेट ही अशी. समोर चिखलाने माखलेल्या बुटांतला एक उंच माणूस, हातात दमट वही. तो रोज पहाटे जंगलातल्या ठरलेल्या वाटेने चालून ससे नि कोल्हे मोजायचा. त्या आकड्यांवरून पुढच्या दहा वर्षांत कोण किती उरेल, हे मी कॉम्प्युटरवर मांडायचे. आणि माझ्या गणितात चौथ्या वर्षीच कोल्हे संपत होते.

"ससे कमी पडले, कोल्हे उपाशी मेले. मी काय करू?"

"काल सात बघितले मी. एकाने तर माझ्याकडे बघून जांभई दिली."

मी हसले... आणि तिथेच फसले. मग दर सोमवारी वही यायची, चहा व्हायचा. तुम्हीचं तू झालं. वही परत देताना मी माझ्या शंका चिठ्ठीवर खरडून आत घालायचे.

वर्षभर सगळं छान चाललं होतं. मग जनावरांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. एका सोमवारी वही घेऊन त्याच हजर.

"तो मोजत होता, मी लिहीत होते. पहाटे काय मजा येते हो!"

आत मोत्यांसारखं गोल अक्षर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवख्या माणसाच्या नोंदी वगळायची मुभा मला होतीच. 'संशयास्पद' असा शेरा मारून मी अठ्ठेचाळीस ससे एका फटक्यात उडवले. कोल्हे आता तिसऱ्याच वर्षी संपले. संपू देत.

दुसऱ्या दिवशी तो आला. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"घसरलो. मनगट गेलं. म्हणून तर त्या लिहीत होत्या." त्याची नजर स्क्रीनवर गेली. "पुन्हा मारलेस? माझे ससे संशयास्पद?"

"ससे नाहीत..."

"मग?"

थाप तयार होती. पण या आकड्यांचा अहवाल उद्या वनखात्याकडे जाणार होता, आणि हा माणूस माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

"अक्षर," मी म्हणाले. "तिचं अक्षर तुझ्या वहीत... मला नाही बघवलं. तू मला आवडतोस. झालं समाधान?"

तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि डाव्या हाताने वही उघडली. तो एकेक नोंद वाचत गेला, मी खाली मान घालून एकेक ससा परत टाकत गेले. स्क्रीनवर कोल्ह्यांची रेघ हळूहळू वर आली.

"हात बरा व्हायला महिना लागेल," तो म्हणाला. "तोवर लिहायला कोणीतरी हवं."

"आहेत की डॉक्टरीणबाई."

"त्यांचं अक्षर संशयास्पद आहे. शेरा तुझाच. उद्या पहाटे पाचला जंगलाच्या फाटकापाशी ये."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय —"

"माहीत आहे."

त्याने वहीच्या कव्हरमधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. वर्षभराच्या सगळ्या होत्या. सगळ्यात वरची पहिल्या सोमवारची: 'मंगळवारचा हा आठ आहे की तीन?'