लाल दोऱ्याची बटणं

प्रकाशन संस्थेत त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. प्रुफं तपासताना ते चालू ओळीखाली लाकडी पट्टी धरत, म्हणजे नजर पुढे पळत नाही. बत्तीस वर्षांत लेखकाच्या मजकुरात त्यांनी पदरचा एक शब्द घातला नव्हता. "आपलं काम चुका काढायचं, अक्कल पाजळायचं नाही," असं ते नव्या मंडळींना ऐकवत.

त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर वेड्यांच्या इस्पितळांवरच्या निवडक कथा आल्या. नव्वद वर्षांतल्या नऊ कथा, नऊ लेखक. काकांना हसूच आलं. जिकडेतिकडे गजांच्या खिडक्या, केस मोकळे सोडलेली बाई आणि शेवटी डॉक्टरच वेडा!

"यातल्या एकानं तरी इस्पितळाचं फाटक पाहिलंय का हो?" ते संपादकबाईंना म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय?" बाईंनी सहज विचारलं.

काकांनी पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली. त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी तर पाहायलाच हवं होतं.

त्यांच्या आत्याला तिथे नेलं, तेव्हा ते सात वर्षांचे होते. आत्याचा त्यांच्यावर भारी जीव. त्यांच्या शर्टाची बटणं ती नेहमी लाल दोऱ्यानं शिवायची, दोरा कात्री असली तरी दातानंच तोडायची आणि म्हणायची, "हरवलास तर ओळखू यायला नको का?" गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली, "मला न्यायला ये हं, सोन्या." ते हो म्हणाले. घरात पुन्हा तिचा विषय निघाला नाही. ते मोठे झाले, पण जायचा धीर काही झाला नाही, आणि एक दिवस ती गेल्याचं पत्र आलं.

तिसऱ्या कथेत एक बाई होती. खिडकीजवळच्या खाटेवर बसून ती वॉर्डातल्या सगळ्यांची बटणं लाल दोऱ्यानं शिवायची. दोरा दातानं तोडायची. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "माझा भाचा आला का?"

काकांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. लेखकानं आत्याला कधीतरी पाहिलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण पाचव्या कथेतही ती होती. सातव्या कथेतही. त्यांनी पहिली कथा पुन्हा काढली. ती त्यांनी कालच ओळ न् ओळ तपासली होती आणि तिच्यात अशी बाई नव्हती, यावर ते पैज लावायला तयार होते.

आता होती. ती कथा तर आत्याच्या जन्माआधीची. कपाटातल्या मूळ पुस्तकात पाहिलं, तर पिवळ्या पानावरही ती बटण शिवत बसली होती.

"लाल दोरेवाली ना?" संपादकबाई हसल्या. "गोड आहे बिचारी. सगळ्यांनी एकमेकांचं उचललंय वाटतं."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आत्याबद्दल लग्नानंतर पहिल्यांदाच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, पंचावन्न वर्षं वाट बघतेय ती. आणा की घरी."

दुसऱ्या दिवशी नववी कथा निघाली. इथे बाई शिवत नव्हती. सुई खाली ठेवून ती दाराकडे बघत होती.

काकांनी पट्टी बाजूला केली. समासात, आपल्या बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं: 'भाचा आला. म्हणाला, चल आत्या, मला फार उशीर झाला.'

लिहिताना त्यांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही.

मग त्यांनी कपाटातली मूळ पुस्तकं उघडली. पहिली कथा. खिडकीजवळची खाट रिकामी होती.

तिसरी. रिकामी.

पाचवी, सातवी. चादरीची घडी नीट घालून ठेवलेली.

सकाळी बायको त्यांचा पांढरा शर्ट घेऊन बाहेर आली. त्याचं तिसरं बटण महिनाभर तुटलेलं होतं.

"अहो, हे कधी लावलंत? आणि पांढऱ्यावर लाल दोरा?"

काकांनी शर्ट हातात घेतला. दोरा दातानं तोडलेला होता, आणि त्याचं टोक अजून ओलं होतं.