ऑस्विनने जमीन का दिली?

आजीच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एकाच माणसाची दोन चित्रं शेजारीशेजारी होती आणि ऋजुताला त्यांचा काही केल्या मेळ लागत नव्हता.

पहिल्या चित्रात वसंत ऋतू होता. ऑस्विन नावाचा लाल दाढीचा शेतकरी स्वतःच्या बैलांनी स्वतःचं शेत नांगरत होता. दुसरं चित्र त्याच वर्षीच्या शरद ऋतूतलं. तोच ऑस्विन, पण शेत दुसऱ्याचं. बांधावर एक घोडेस्वार उभा होता आणि त्याच्यासमोर ऑस्विनने मान खाली घातली होती.

"त्याची जमीन कुणी हिसकावून घेतली?" ऋजुताने विचारलं.

"कुणीही नाही. त्यानं आपण होऊन दिली," आजी म्हणाली. "आता आठवड्यातले निम्मे दिवस तो या सरदाराच्या शेतात राबतो. मुलीचं लग्न ठरवायचं तरी त्याला विचारावं लागेल."

"वेडाच आहे. मी असते तर मेले तरी दिली नसती."

आजीचं नाव डॉ. सुहासिनी खरे. इंग्लंडच्या पश्चिम भागात, एका रुंद नदीच्या काठी तिची प्रयोगशाळा होती आणि तिथे तिने काळपूल (एकाच जागेचे दोन वेगवेगळे काळ थोडा वेळ जोडणारं यंत्र) उभारला होता. या पुलावरून जागा बदलता येत नसे, फक्त काळ बदलता येई. म्हणून ज्या नदीकाठचा इतिहास पाहायचा, त्याच नदीकाठी यंत्र बसवावं लागलं होतं. ऋजुता सुट्टीत तिच्याकडे आली होती.

"वसंत आणि शरद यांच्यामध्ये काहीतरी घडलं," आजी म्हणाली. "पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक आहे. पण मला ते प्रत्यक्ष पाहायचंय. येतेस?"

आजीने मुद्दाम उन्हाळ्यातला एक शांत वाटणारा दिवस निवडला. दोघींनी लोकरीचे लांब झगे घातले, कानात भाषाकर्णिका (परकी भाषा आपल्या भाषेत ऐकवणारी आणि आपलं बोलणं त्या भाषेत उच्चारणारी गोळी) बसवली, आणि सकाळी नदीकाठच्या झाडीत पाऊल टाकलं. साल होतं सुमारे एक हजार. पूल पुन्हा उघडणार होता सूर्यास्ताला, आणि तोही याच झाडीत.

ऋजुताला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. शेतं पिकाला आली होती, पण शेतात कुणी गात नव्हतं. गुरं लांब चरायला न सोडता घरांजवळच बांधली होती. कुत्रा भुंकला की माणसं लगेच नदीकडे बघत.

ऑस्विनच्या गवताने शाकारलेल्या घरापाशी त्याची बायको एडिथ जवाची पेज ढवळत होती. दूरदेशीच्या यात्रेकरू म्हणून तिने दोघींना बसवून घेतलं आणि लाकडी वाडग्यात पेज दिली. पण बोलताना तिची नजर सारखी पाण्याकडे जात होती. दारात एक गाठोडं तयार बांधून ठेवलेलं होतं.

"कुठं निघालात का?" ऋजुताने विचारलं.

"देव करो आणि निघायची वेळ न येवो," एडिथ म्हणाली. तिची लहानगी मुलगी हिल्डा गाठोड्यावरच बसून पेज खात होती.

ऋजुताने वाडगा खाली ठेवला. कशाची भीती आहे ते माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणंच जास्त वाईट होतं.

आजी तिला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेली. टेकडीला वळसा घालून गवताने भरलेला एक खोलगट पट्टा गेला होता.

"हा खंदक आहे. इथं आधी केल्ट लोक राहायचे," आजी हळू आवाजात सांगू लागली. "त्यांच्या टोळ्या होत्या. धोका आला की सगळी टोळी टेकडीवर जायची. हा खंदक सगळ्यांनी मिळून खणला, म्हणून तो सगळ्यांचा होता. मग रोमन आले. त्यांनी दगडी रस्ते बांधले, पगारी सैन्य ठेवलं. राखण करायला सैन्य आहे म्हटल्यावर खंदकाची काळजी कोण घेणार? तो बुजत गेला. साडेतीनशेहून जास्त वर्षांनी रोमन सैन्य निघून गेलं, आणि माणसं उघडी पडली. नंतर समुद्रापलीकडून अँगल आणि सॅक्सन आले, जुन्या लोकांत मिसळत, त्यांना रेटत इथं वसले. ऑस्विन त्यांच्यातला."

"पण आता त्यांचा राजा आहे ना?"

"आहे. इथून कित्येक दिवसांच्या वाटेवर."

टेकडीच्या माथ्यावर आता टोकदार ओंडक्यांचं उंच कुंपण होतं. आत गॉडरिक नावाचा सरदार राहत होता. पडद्यावरचा घोडेस्वार तोच. ऋजुता त्या कुंपणाकडे रागाने पाहत होती, तेवढ्यात खालून शिंगाचा आवाज आला. लांब, घोगरा, थरथरता.

आजीचा चेहरा पांढरा पडला. नदीच्या वळणावरून भरतीच्या पाण्याबरोबर अरुंद, लांब नावा आत सरकत होत्या. त्यांची शिडं उतरवलेली होती आणि वल्ह्यांचा आवाज जवळजवळ येतच नव्हता.

"उत्तरेकडचे दर्यावर्दी," आजी पुटपुटली. "लुटारू. ऋजुता, माझा हात सोडू नकोस."

परतीची झाडी नदीकाठी होती आणि पहिली नाव तिथेच लागली. मागे जायची वाट संपली होती.

खालून ऑस्विन धावत वर आला. त्याच्या खांद्यावर हिल्डा होती आणि मागे एडिथ, हातात गाठोडं. "वर चला, वर चला," एवढंच तो म्हणत होता. पाचही जण टेकडी चढू लागले. मागे पहिलं छप्पर पेटलं. धुराचा वास आला, गुरांचं हंबरणं ऐकू आलं, आणि मग ते मध्येच थांबलं.

कुंपणाचं दार बंद होतं.

ऑस्विनने मुठीने ते ठोकलं. वरच्या माचीवरून गॉडरिकने खाली पाहिलं. त्याच्या अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत होतं. तो ओरडला नाही. दमलेल्या माणसासारखा बोलला.

"ऑस्विन, तू माझा माणूस नाहीस. मागल्या वर्षी मी विचारलं होतं. तू म्हणालास, माझी जमीन माझ्या आजानं जंगल तोडून काढली, ती कुणाला देणार नाही."

"बायकामुलांना तरी आत घ्या."

"आत माझी माणसं आहेत. धान्य त्यांच्यापुरतं आहे, भाले त्यांच्यापुरते आहेत. जो येईल त्याला घेत गेलो तर कुणीच वाचायचं नाही."

ऋजुताने मागे पाहिलं. खालच्या पायवाटेवर माणसं दिसू लागली होती. ती पळत नव्हती. सावकाश, खात्रीने चढत होती. त्यातल्या एकाने वर बोट दाखवलं. ऋजुताने आजीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली होती. आजीही सारखी मागे वळून पाहत होती. आजीला घाबरलेलं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

ऑस्विन खाली जळणाऱ्या आपल्या घराकडे पाहत होता आणि ऋजुताच्या मनात एकच विचार घुमत होता. दे ना ती जमीन. दे लवकर. गुडघे टेक.

ऑस्विनने हिल्डाला खाली उतरवलं. मग त्या बंद दारासमोर, मातीत, त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही हात जोडून पुढे केले.

"आजपासून मी तुमचा. माझी जमीन तुमची. मी ती तुमच्यासाठी कसेन, तुम्ही सांगाल तेव्हा राबेन. तुम्ही माझं आणि माझ्या माणसांचं रक्षण करा."

दार हातभर उघडलं. गॉडरिक खाली आला होता. त्याने ऑस्विनचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाला, "केलं." मग त्याची नजर आजी आणि ऋजुतावर गेली. "आणि या दोघी?"

पायवाटेवरची पावलं आता ऐकू येत होती.

"माझ्या घरच्या आहेत," ऑस्विन म्हणाला.

सगळे आत गेले आणि दारामागे ओंडका पडला. लगेच बाहेरून दारावर कुऱ्हाडीचा घाव बसला. ऋजुता डोळे मिटून एडिथच्या कुशीत बसली. हिल्डा दुसऱ्या बाजूला होती, तिचं छोटंसं हृदय धडधडत होतं. कुंपणावरून भाले गेले, दगड गेले. कुणीतरी कण्हत होतं. हे किती वेळ चाललं ते ऋजुताला सांगता आलं नसतं. मग घाव विरळ झाले आणि थांबले. ओहोटी लागली होती, आणि नावा गाळात रुतायच्या आत लुटारूंना निघायचं होतं.

उन्हं उतरल्यावर ते खाली आले. घराच्या जागी काळ्या खांबांचा सांगाडा उरला होता. ऋजुता ऑस्विनसमोर उभी राहिली.

"तुमची जमीन गेली," ती म्हणाली.

"ती तिथंच आहे," ऑस्विन म्हणाला. "मीच आता तिच्याबरोबर बांधला गेलोय." त्याने मान वळवली. त्याचे डोळे भरून आले होते.

सूर्यास्ताला झाडीतल्या पुलावरून प्रयोगशाळेत परतल्यावर ऋजुता बराच वेळ पांघरूण घेऊन बसली. आजीने तिची माफी मागितली. दिवस निवडताना आपण फक्त आपल्या यंत्रावर विसंबलो, असं ती म्हणाली. मग तिने चहा केला आणि दोघी बोलू लागल्या.

"आता सांग, त्यानं जमीन का दिली?"

"भीतीमुळं," ऋजुता म्हणाली. "नाही, नुसत्या भीतीमुळं नाही. लुटारू एका भरतीत येतात. राजा यायला कित्येक दिवस लागतात. गॉडरिक जवळ होता."

"बरोबर. धोका किती वेगानं येतो आणि मदत किती वेगानं पोचते, यातल्या फरकात सगळं आहे. मदत लांब असली की जवळच्या बलवानाची किंमत वाढते. आणि एका माणसाला घोडा, चिलखत, तलवार द्यायची तर कितीतरी कुटुंबांनी त्याच्यासाठी राबावं लागतं. म्हणून जमीन आणि श्रम त्याच्याकडे जातात, आणि संरक्षण त्याच्याकडून येतं. काही दशकांनी नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि या व्यवहाराची शिडीच केली. वर राजा, खाली त्याचे मोठे सरदार, त्यांच्याखाली लढणारे स्वार आणि तळाशी ऑस्विनसारखे कुळवाडी. हीच सरंजामशाही (संरक्षणाच्या बदल्यात जमीन आणि सेवा देण्याची समाजरचना)."

"गॉडरिक वाईट होता का?"

आजीने कप खाली ठेवला. "तोही घाबरलेला होता. पण दार त्याच्या हातात होतं. त्याच्या नातवंडांना भीती उरली नसेल, तरी दार त्यांच्याच हातात राहिलं. ते सोडवायला लोकांना शतकं लागली. हळूहळू कायदे झाले, राजावरही बंधनं आली, आणि राखण करणं सगळ्यांचं काम आहे हे माणसं पुन्हा शिकली."

त्या संध्याकाळी ऋजुताच्या आईचा फोन आला. ती बंगळूरला होती, चंद्रावरच्या पहिल्या कायमच्या वस्तीचे आराखडे करणाऱ्या गटात. नेहमीप्रमाणे तिने जेवलीस का, झोपलीस का, विचारलं. ऋजुताने उत्तरं दिली आणि मग म्हणाली, "आई, तिथं काही झालं तर पृथ्वीवरून मदत पोचायला किती वेळ लागेल?"

"काही दिवस तरी. का गं?"

"आणि वस्तीच्या हवाबंद भागाचं दार कोण उघडणार? कुणाच्या हातात असेल ते?"

"ते अजून ठरलेलं नाही," आई म्हणाली. "वस्तीप्रमुखाकडे द्यावं असं चाललंय."

"एकाकडे नको देऊस," ऋजुता म्हणाली. "ज्याला आत यायचंय त्याला बाहेरूनही उघडता येईल असं दार कर. जमेल का?"

"अवघड आहे," आई म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "पण जमवता येईल. थांब, कागद घेते. तुला काय वाटतं ते नीट सांग."